पाच तास अडतीस मिनिटं

कॅमेरा खोटं बोलत नाही असं जो म्हणतो, त्याच्या घरी अजून कॅमेऱ्याचं पत्र आलेलं नसतं. हाइंडमार्शांच्या घरी आलं. ऑड्रीच्या नावाने नव्हे, तिच्या लेकीच्या, बेव्हच्या नावाने; आणि तेही आधी गाडीच्या कंपनीकडे जाऊन मग इकडे. कारण गाडी भाड्याची. बेव्ह इस्पितळात नर्स. दर महिन्याला पगारातून भाडं कापलं जायचं आणि तीन वर्षांनी गाडी, नेली तशी, ओरखडा न पाडता परत करायची. बुधवारी बेव्ह रात्रपाळी करून येऊन झोपायची, म्हणून बुधवारपुरती गाडी आईची.

पत्रात दोन फोटो होते. एकात गाडी दुकानांच्या पार्किंगमध्ये शिरताना, सकाळचे दहा बारा. दुसऱ्यात बाहेर पडताना, दुपारचे तीन पन्नास. दोन तास फुकट, त्यापुढे शंभर पौंड. मुक्काम, पाच तास अडतीस मिनिटं.

ऑड्रीने सांगितलं की ती सकाळी पाव घ्यायला गेली आणि लगेच निघाली. हॅम विसरलं म्हणून दुपारी परत गेली आणि लगेच निघाली. यातला शब्द न् शब्द खरा होता. कॅमेऱ्याने तिचं पहिलं येणं पाहिलं, शेवटचं जाणं पाहिलं, आणि मधलं जाणं-येणं कुठल्यातरी ट्रकच्या आडोशाला हुकलं.

मग मधल्या वेळात कुठे होतीस, असं बेव्हने अगदी सहज विचारलं. चोराच्या मनात चांदणं. ऑड्रीने किटली चढवली आणि म्हणाली, इकडेतिकडे.

इकडेतिकडे म्हणजे आयझॅक टीसडेलच्या मळ्यात.

लॅम्बर्न गावातली कोळशाची खाण बंद झाली, प्रार्थनाघर बंद झालं, पण लीक मंडळ काही बंद झालं नाही. लीक म्हणजे कांद्याची गोरी, लठ्ठ बहीण. गावातले बाप्ये तिच्यासाठी जेवढे जागले तेवढे स्वतःच्या पोरांसाठी जागले नाहीत. तीस वर्षांपूर्वी मंडळाच्या सर्वांत लठ्ठ लीकच्या प्रदर्शनात ऑड्रीच्या नवऱ्याची, क्लिफर्डची लीकची जोडी टीसडेलच्या जोडीपुढे अर्ध्या इंचाने हरली. टेप ढिली धरली, असं क्लिफर्ड म्हणाला, आणि दोन घरांचं बोलणं तुटलं. क्लिफर्ड गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली. बाई विसरेल असं लोकांना वाटलं. उलट तिने वैर लोणच्यासारखं मुरवलं. तिच्या घरात टीसडेल हे नाव घ्यायचं नाही, हा कायदा तिचाच. जावयाने, ग्लेनने, एकदा न कळून त्याच्याकडची अंडी आणली. तिने रविवारच्या भरल्या पानावरून त्याला अंड्यांसकट परत पाठवलं.

आणि या मार्चमध्ये ती स्वतः त्या मळ्यात गेली. गेली ती भांडायला. त्याने पालापाचोळा पेटवला होता आणि तिच्या वाळत घातलेल्या चादरींना धूर लागला होता. टीसडेल गुडघ्यांवर बसून रोपं लावत होता. तिचं सगळं बोलणं होईपर्यंत थांबला, मग म्हणाला, चूक झाली, चहा घेणार का. बशी नव्हती, कपाचा कान तुटका. त्याचं खत कुजलंय हेही तिने सांगून टाकलं. त्याने तेही ऐकून घेतलं. क्लिफर्ड चांगला होता, पण बायकोने तोंड उघडलं की रेडिओ लावायचा. एकाहत्तराव्या वर्षी ऑड्रीला पहिल्यांदा कळलं की आपलं बोलणं मध्येच तुटतही नाही आणि वायाही जात नाही. तिथून पुढे दर बुधवारी गाडी मळ्याच्या गल्लीत.

बेव्हने पार्किंगवाल्यांना लिहिलं की या दोन वेगळ्या खेपा आहेत. त्यांचं उत्तर आलं, मधल्या वेळात गाडी दुसरीकडे होती हे दाखवा. गाडीच्या कंपनीनेही कळवलं की लवकर मिटवा, नाहीतर आम्ही भरू आणि आमचा वरखर्च लावून पगारातून कापू. ऑड्रीने पाकीट उपडं केलं. पावाची चिठ्ठी दहा एकोणीसची, हॅमची तीन चव्वेचाळीसची. दोन्ही चिठ्ठ्या पार्किंगवाल्यांच्याच बाजूने बोलत होत्या.

"जाऊ दे, आई, मी भरून टाकते," बेव्ह म्हणाली. "या वयात माणसाचा गाडीत बसल्या बसल्या डोळा लागतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"क्लिफर्डच्या मयतीत पाद्री पाऊण तास बोलला. तिथे माझा डोळा लागला नाही, तो पार्किंगमध्ये लागेल?"

बेव्ह गप्प बसली, आणि तिचं ते गप्प बसणं ऑड्रीला आवडलं नाही. लेक नर्स असली की तिचं गप्प बसणंसुद्धा तपासणीच असते. दुसऱ्या दिवशी कळलंच. ग्लेनशी बोलून बेव्हने डॉक्टरांकडे वेळ घेतली होती. विशेष काही नाही, म्हणाली, थोडे प्रश्न विचारतात, आज वार कोणता, घड्याळ काढून दाखवा, असे. विसरायला होत असेल तर वेळेवर कळलेलं बरं.

आता मात्र ऑड्रीच्या पायाखालची फरशी सरकली. शंभर पौंड गेले तर गेले. पण आईला पाच तास आठवत नाहीत, हे एकदा लेकीच्या डोक्यात बसलं की गाडीची किल्ली जाईल, मग शेगडी, मग घराची किल्ली. भ्रमिष्ट म्हणवून घ्यायचं, की टीसडेलकडे जाणारी म्हणवून घ्यायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बुधवारी, या वेळी गाडी न घेता पायी, ती मळ्यात गेली आणि सगळं सांगितलं. आयझॅकने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच बुधवारी तर मंडळ शिक्के मारायला आलं होतं, म्हणाला. प्रदर्शनात बाहेरून विकत आणलेल्या लीक घुसू नयेत म्हणून मंडळ आधी मळ्यामळ्यांतून फिरतं, पातीवर शिक्का मारतं आणि वहीत दोन साक्षीदारांच्या सह्या घेतं. त्या दिवशी एक साक्षीदार आलाच नव्हता, म्हणून सही ऑड्रीने केली होती; वहीतलं प्रदर्शनाआधी गावात बोलायचं नाही, हा मंडळाचा नियम. शिवाय सेक्रेटरी पर्सी, जन्माचा खाणीतला मुकादम, काही म्हणजे काही लिहायचं सोडत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी असल्यामुळे मंडळाला कुंपणावरून यावं लागलं, असं त्याने वेळेसकट आणि गाडीच्या नंबरासकट लिहून ठेवलं होतं.

"वही मी आणून देतो," आयझॅक म्हणाला. "पण त्यात तुझं नाव आहे, ऑड्री. नको असेल तर तसं सांग, पैसे मी भरतो. कुणाला कळायचं नाही."

"माझा दंड टीसडेल भरणार? त्यापेक्षा मी घड्याळ काढून दाखवीन."

त्या संध्याकाळी तिने वही बेव्हच्या पुढ्यात ठेवली, पान उघडलं आणि पाठ फिरवून बटाटे सोलायला घेतले. मागे पान उलटल्याचा आवाज. मग ओट्याला धरून हसल्याचा आवाज. ऑड्रीने वळून पाहिलं तर लेकीच्या डोळ्यांतून पाणी.

"मार्चपासून? अगं, ग्लेनला तू भरल्या पानावरून उठवलंस."

"ती अंडी शिळी होती."

"मी तुझ्यासाठी डॉक्टर गाठला, आई. मला झोप नाही आठवडाभर." बेव्हने डोळे पुसले, पण हसू काही पुसलं जाईना. "माणूस कसा आहे?"

ऑड्रीने बटाट्याचा एक डोळा नीट कोरून काढला. "खत वाईट आहे त्याचं," म्हणाली. "बाकी बरा आहे."

बेव्हने त्या पानाचा फोटो जोडून दुसरं पत्र पाठवलं. डॉक्टरांची वेळ तिने न सांगताच रद्द केली. पार्किंगवाल्यांचं उत्तर प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी आलं, दीड ओळीचं: दंड मागे घेतला आहे. माफीचा शब्द नाही. तुम्हाला आयांनी वळण लावलं नाही का, असं त्यांना विचार, म्हणून ऑड्री बेव्हच्या मागे लागली. बेव्ह लिहिते म्हणाली आणि तिने लिहिलं नाही.

शनिवारी, प्रदर्शनाच्या दिवशी, आयझॅकच्या लीक मागच्या सीटवर ओल्या टॉवेलात झोपल्या होत्या, पट्टा लावून. खाली बेव्हने प्लॅस्टिक अंथरलेलं, भाड्याच्या गाडीला मातीचा डाग नको म्हणून. आयझॅक पुढे, मांडीवर टोपी. मंडळाच्या दाराशी सगळं लॅम्बर्न उभं. मागच्या बाजूने पण रस्ता आहे, असं आयझॅक हळूच म्हणाला, तिथे कुणी नसतं.

ऑड्रीने पुढचंच दार गाठलं, गाडी बरोबर पायऱ्यांसमोर उभी केली, उतरली, वळसा घालून आयझॅकच्या बाजूचं दार उघडलं. सगळे माना वळवून बघू लागले. ग्लेनच्या तोंडात सँडविच तसंच.

"बघताय काय?" ऑड्री म्हणाली. "हात लावा. एकट्याच्याने उचलत नाहीत त्याच्या लीक."

आणि सगळ्यांत आधी ग्लेन पुढे आला.