शेठचा फेरखटला

वरच्या कोर्टाच्या बाकावर शिंपीणताई तोंड वाकडं करून बसली होती. तिचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोरच. वकिलांचे काळे कोट तीच शिवायची, त्यामुळे कोणाची अक्कल किती हे सांगता आलं नसतं, पण कोणाचं पोट किती हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेजारी धाकटा भाऊ. घरात त्याला शेठ म्हणत, कारण त्याने जन्मात काडी हलवली नव्हती. खवले मांजराच्या खवल्यांचं पोतं नेताना तो पकडला गेला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि आता जामिनावर सुटून त्याने अपील केलं होतं.

"ताई, फेरखटला मिळाला की तू साक्ष द्यायचीस. पोतं आपल्या घरात कधीच नव्हतं, एवढंच सांगायचं."

"एवढंच? मग तूच सांग. तोंड आहे ना?"

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"चला, एक तरी खरं बोललास."

पोतं घरात होतं. तिच्याच गच्चीवर, तिच्याच अस्तराच्या कापडावर शेठने खवले वाळत घातले होते. विचारलं तर म्हणाला, गुंड्या करायला आणलेत. जन्मभर गुंड्या लावणाऱ्या बाईला हे सांगतो! तिने पोत्यासकट त्याला हाकललं, आणि पुढच्या नाक्यावर वनखात्याने त्याला धरलं.

खालच्या कोर्टात तर सगळा पोरखेळ. शेठचा वकील साक्षींच्या दिवशी कुठल्याशा मेजवानीला गेलेला. मॅजिस्ट्रेटसाहेबांना घरी जायची घाई. वनखात्याची माणसं बोलून गेली, त्यांना उलट एक प्रश्न कोणी विचारला नाही, आणि निकाल लागला.

आता शेठचा नवा वकील म्हणाला, "सरळ निर्दोष सोडा." सरकारी वकील म्हणाले, "मुक्या जनावराचा जीव गेलाय, शिक्षा कायम करा." दोघेही हातवारे करून बोलत होते, एकाच्याही बोलण्यात दम नव्हता.

न्यायाधीशबाईंनी दोघांनाही थांबवलं. "आरोपीला साक्षीदार तपासायची संधीच मिळाली नाही, म्हणून ही शिक्षा टिकत नाही. सरकारी बाजू पुरावा आणायला विसरली असती, तर तिची चूक निस्तरायला मी फेरखटला दिला नसता. पण पुरावा आहे, तो कोणी तपासलाच नाही. म्हणून निर्दोषही सोडत नाही. खटला पहिल्यापासून चालवा, आणि सगळ्यांना सगळं विचारा."

एवढ्या मोठ्या इमारतीत कामाचं माणूस एकच निघालं, असं ताईला वाटलं.

बाहेर व्हरांड्यात शेठ मिशीवर हात फिरवत म्हणाला, "सुटलो!"

"कुठला सुटलास? पुन्हा पिंजऱ्यात उभं राहायचंय. समजून घ्यायला डोकं लागतं."

शेठचा वकील लगबगीने आला. "ताई, तुमचं नाव साक्षीदारांत घालतो."

"घाला. पण ते सरकारी वकील मला विचारतील ना, उलटसुलट?"

"विचारणारच."

"मग मी गच्ची सांगीन."

"कसली गच्ची?" वकिलाने शेठकडे पाहिलं. शेठ छताकडे पाहत होता.

"ताई, सख्खा भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणूनच गेल्या खेपेला गप्प बसले. कोणी विचारलं नाही, मी बोलले नाही. आता विचारणार आहेत, आणि तुझ्यासारख्या ऐतखाऊसाठी मी शपथ घेऊन खोटं बोलणार नाही."

"मग तुमचं नाव नकोच," वकील घाईघाईने म्हणाला.

"तुम्हाला नको असेल."

तिने पिशवी काखेत मारली आणि जिना उतरणाऱ्या सरकारी वकिलांना हाक घातली, "अहो साहेब, थांबा जरा. मला काही सांगायचंय."