दार नसलेली गाडी

गुडघे काही केल्या आत मावेनात. ड्रायव्हरने आधी उजवा पाय घालून पाहिला, मग डावा. शेवटी दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर हात टेकून सगळं अंगच वरून सोडून दिलं, तेव्हा कुठे तो त्या गाडीत बसला. बसला म्हणजे अडकला. आणि गाडी तरी कसली, चार चाकांवर ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची. छत नाही, काच नाही, दार नाही. जमीन इतकी जवळ की हात खाली सोडला तर बोटं सोलून निघतील.

"काका, पट्टा अजून घट्ट," ट्रॅकवरची मुलगी म्हणाली. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि काखेत झेंडा. "उजवा पाय वेग, डावा पाय ब्रेक. आणि काहीही होऊ दे, गाडी आपटू दे नाहीतर उलटी फिरू दे, मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. मागून दुसरी येते आणि पायावरून जाते. कळलं?"

"कळलं, ताई."

खरं तर तो आला होता साहेबांच्या गाडीपाशी बाहेर उभं राहायला. कंपनीने वर्षातून एकदा माणसांना आनंद द्यायचं ठरवलेला तो दिवस होता, आणि यंदाचा आनंद या जुन्या गोदामात मिळणार होता. आत टायरांच्या भिंती रचून वळणावळणांचा रस्ता केलेला, वर पांढरे झगझगीत दिवे, एका अंगाला लोखंडी गॅलरी. साहेबांच्या शर्यतीत आठ गाड्या होत्या आणि विक्री विभागातल्या एकाची ऐन वेळी मान धरली. साहेबांच्या मागे राहायचं पण मुद्दाम राहिलो असं दिसू द्यायचं नाही, या काळजीनेच धरली असावी. साहेब म्हणाले, "अरे, आपल्या ड्रायव्हरला बोलवा की! एवढा पगार घेतो, पळू दे आज जरा." साहेब हसले म्हणून सगळे हसले.

वर गॅलरीत हसणाऱ्यांत त्याची मुलगीही होती. ती त्याची मुलगी आहे हे त्या गोदामात दोनच माणसांना ठाऊक होतं, तिला आणि त्याला.

हिशेब विभागात तिला लागून वर्ष होऊन गेलं होतं. नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली. त्याने साहेबांपाशी चकार शब्द काढला नव्हता. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती त्याच्याजवळ येऊन बसली होती. "बाबा, एक सांगू? ऑफिसात नको ना कळू द्यायला. लोक म्हणतील, साहेबांच्या ड्रायव्हरची म्हणून घेतली. थोडेच दिवस. एकदा कायम झाले की मीच सांगेन सगळ्यांना."

"अगं, त्यात काय एवढं," तो लगेच म्हणाला होता. इतक्या लगेच की बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"पोरीला बाप दिसेना आणि बापाला त्याचं काही वाटेना," ती म्हणाली. "धन्य आहे तुम्हां दोघांची!"

वाटत कसं नव्हतं? पोरगी कायम झाली, थोड्या दिवसांचे पुष्कळ दिवस झाले, आणि सांगायचं राहून गेलं ते गेलंच. सकाळी दोघं एकाच घरातून पुढेमागे निघत आणि एकाच इमारतीत शिरत. लिफ्टपाशी समोरासमोर आली की ती मोबाइलमध्ये डोकं घाली. एकदा तिच्या टेबलाशेजारचा पोरगा त्याच्यावर खेकसला, "ए ड्रायव्हर, काढ ना गाडी मधून!" ती बाजूलाच उभी होती. त्याने गाडी काढली. त्या दिवशी घरी तिने न सांगता त्याच्या पाठीला मलम चोळलं. त्याला मलम नको होतं. चारचौघांत तिने एकदा 'हे माझे बाबा' म्हणावं, एवढंच हवं होतं. पण ही काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे, म्हणून तो मागत नव्हता.

गाड्या सुटायच्या आधी ऑफिसचे मॅनेजर वाकून त्याच्या हेल्मेटशी आले. "मजा कर हां. फक्त साहेबांचं बघून."

"बघूनच असतो हो. इतकी वर्षं आरशात दुसरं काय बघितलंय?"

हिरवा दिवा लागला. शिलाई मशीनसारखा बारीक आवाज करत आठही गाड्या निघाल्या, आणि पहिल्याच वळणावर तो टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळला. बरगडीत कळ आली. स्टिअरिंग इतकं जड की जणू चाकं चिखलात रुतली आहेत. "घ्या! आणि म्हणे ड्रायव्हर!" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, तेवढं हेल्मेटमधूनही ऐकू आलं. ट्रॅकवरच्या मुलीने पायाने ढकलून त्याची गाडी सरळ करून दिली. आता तो सर्वांत शेवटी होता.

दुसऱ्या फेरीत त्याला उमगलं की आपण साहेबांची गाडी चालवतोय. मागे बसलेल्या माणसाच्या कपातली कॉफी सांडू नये म्हणून आयुष्यभर जसं चालवलं तसं, वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक, हळूच वळवणं, हळूच सोडणं. इथे मागे कोण होतं? कप कुठला आणि कॉफी कुठली? त्याने उजवा पाय होता तेवढा खाली दाबला.

मागचं चाक घसरलं, किंचाळलं आणि गाडी वळणातून बाहेर फेकली गेल्यासारखी सुटली. हाताला पेटके येत होते, टाचेतून खडखड थेट दातांपर्यंत येत होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो हसत होता. एकटाच, त्या ओलसर हेल्मेटच्या आत, मोठमोठ्याने. असं काही आपल्या अंगात असेल हे त्याला या वयापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आणि बघायला सवडही झाली नव्हती.

पुढच्या गाड्या गाठायला वेळ लागला नाही. सगळे जण ऑफिसातल्यासारखेच साहेबांच्या मागे अदबीने रांग धरून चालले होते. कोणाचाच डावा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. त्याने एकाला गाठलं, दुसऱ्याला गाठलं. मॅनेजरांनी शेजारून जाताना हात हलवून काहीतरी खुणावलं. ते त्याला दिसलं आणि त्याने ते पाहिलं नाही. लांब सरळ पट्ट्यावर तो साहेबांच्या बरोबरीला आला. क्षणभर दोघं शेजारीशेजारी होते. साहेबांच्या मागेपुढे त्याचा जन्म गेला होता, शेजारी तो कधीच आला नव्हता. साहेबांचं हेल्मेट त्याच्याकडे वळलं. वळण आलं, साहेब थोडे बाहेर सरकले, आणि तो आतून निघून गेला.

आता साहेब मागे आणि आपण पुढे, म्हणजे नेहमीचंच की, असं मनात येऊन त्याला पुन्हा हसू फुटलं. वर शर्यतीतले नंबर दाखवणाऱ्या पडद्यावर पहिल्या ओळीत अक्षरं आली होती. बाकीच्यांची नावं होती, याचं 'ड्रायव्हर' एवढंच. गॅलरीतली पोरं तेच ओरडत होती, "ड्रायव्हर! ड्रायव्हर!" तो खालून जाताना कंपनीचे सगळे पिवळे टी-शर्ट उभे राहिले. त्यात त्याची पोरगी कठड्यावर निम्मी ओणवून, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरून काहीतरी ओरडत होती. काय ते कळलं नाही. पण ती त्याच्याकडे बघत होती, सगळ्यांदेखत.

शेवटची फेरी. साहेब आता ईर्ष्येला पेटले असावेत, कारण मागे टायर करकरल्याचा आवाज येत होता. शेवटच्या वळणातून तो बाहेर पडला, समोर शेवटची पट्टी दिसली, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा घेतलेली ती मुलगी दिसली, आणि पाठीमागे धडाड झालं.

त्याने मान वळवली. साहेबांची गाडी टायरांत घुसून आडवी झाली होती. साहेबांचं डोकं खाली झुकलं होतं.

पुढचं त्याने ठरवून केलं नाही, आणि तेच सगळ्यांत वाईट. ब्रेक दाबला, पट्टा सोडला, नळ्यांवर हात देऊन उठला आणि पळत निघाला. कोणीतरी शिट्टी फुंकत होतं, कोणीतरी "काका! काका!" करत होतं. तो साहेबांच्या गाडीपाशी पोचला, नेहमीप्रमाणे डाव्या अंगाला गेला, कमरेत किंचित वाकला, आणि मागचं दार उघडायला त्याने हात पुढे केला. बोटं कडीभोवती मिटावीत तशी हवेत मिटली. त्याने ओढलंसुद्धा.

साहेबांना काही झालं नव्हतं. ते हेल्मेटची काच वर करून त्याच्याकडे बघत म्हणाले, "काय करतोयस?"

ट्रॅकवरच्या मुलीने बटण दाबून सगळ्या गाड्या जागच्या जागी बंद केल्या होत्या. मशीनचा आवाज थांबला, त्यामुळे गॅलरीतलं हसणं लख्ख ऐकू आलं. पोट धरधरून हसत होते. "दार उघडायला गेला रे! दार!" बऱ्याच हातांत मोबाइल होते. त्याने वर पाहिलं. पोरगी हसत नव्हती. ती खाली बसली होती, नजर पायांकडे, आणि शेजारची तिचा खांदा हलवून हलवून काहीतरी विचारत होती. तिने मान वर केली नाही.

शर्यत पुरी झाली नाही म्हणून मॅनेजरांनी साहेबांना विजयी ठरवलं. खऱ्याची दुनिया नाही म्हणतात. इथे तर खरं काय याचीही कोणाला पडलेली नव्हती.

संध्याकाळी बस भरायला लागली तेव्हा ती इतर मुलींबरोबर बाहेर आली. साहेबांच्या गाडीजवळ तिची पावलं रेंगाळली. तेवढ्यात त्यानेच फडकं घेतलं आणि पाठ करून काच पुसायला लागला. पावलं थोडा वेळ थांबली, मग गेली.

साहेब वाटेत मोबाइल चाळत होते. मग म्हणाले, "तू उतरलास कशाला रे?"

"सवय, साहेब."

"कमाल आहेस." ते हसले. "बरं, एक विचारायचं होतं. ती हिशेबातली मुलगी, ती तुझी कोणी लागते का?"

"कोणती, साहेब?"

"अरे, तू माझ्या पुढे गेलास ना, तेव्हा ती गॅलरीत ओरडत होती म्हणे, 'माझे बाबा आहेत ते, माझे बाबा!' सगळ्यांनी ऐकलं. मॅनेजर सांगत होता."

समोरचा सिग्नल लाल होता, हे बरं झालं. त्याला ती ओंजळ दिसली आणि ओंजळीतून काय आलं होतं ते आता कळलं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मिळून गेलं होतं, आणि ते मिळताना त्याच्या कानावर हेल्मेट होतं. आनंद झाला, खूप झाला. पण ती हे म्हणाली ते पुढे निघालेल्या माणसाला. तो माणूस दीड फेरी जगला. त्यानंतरचा माणूस सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवेतलं दार ओढत होता. उद्या ती त्या पोरांमध्ये जाऊन बसणार ती कोणाची मुलगी म्हणून?

"नाही, साहेब," तो म्हणाला. "माझी कुठली! पोरगी मजेत ओरडली असेल."

"मलाही तेच वाटलं. तुझी असती तर तू बोलला असतास की." साहेबांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं. "पण मग हे काही बरं नाही. तुझ्या वयाच्या माणसाची अशी टर उडवायची? चारचौघांत?"

"साहेब, तसं नाही—"

फोन वाजला. साहेब फोनवर असले की पुढून बोलायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता.

"हां, मॅनेजर. विचारलं मी. नाही म्हणतोय, त्याची नाही. हो ना, चेष्टाच. गरीब माणूस बघून. मला असली माणसं आवडत नाहीत. उद्या केबिनमध्ये घे तिला आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लाव त्याची." मग बोलणं नव्या घराच्या फरशीवर गेलं, फरशीवरून नळांवर गेलं आणि संपेचना. तो आरशात साहेबांचे ओठ थांबायची वाट बघत राहिला. ओठ थांबले नाहीत.

बंगला आला. त्याने उतरून दार उघडलं. साहेब फोनवर बोलतच पायऱ्या चढले. तो त्यांच्या मागोमाग पायऱ्या चढला, हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. साहेबांनी त्याला पाहिलं, थांब म्हणून बोट वर केलं, पलीकडच्याचं ऐकलं, मान डोलावली, आणि मग त्याच बोटाने 'जा तू' अशी खूण करून आत गेले. दार लागलं.

"साहेब," तो दाराला म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "साहेब, माझीच आहे ती."

आत चाहूल लागली. दार किलकिलं झालं आणि बाईसाहेबांनी बाहेर डोकावून पाहिलं.

"काय रे, काही राहिलं का गाडीत?"

"नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "काही नाही." आणि पायऱ्या उतरायला लागला.