रांजणातली आई आणि पहिला विडा

ज्या वर्षी खळदकरांची श्यामला पहिल्या बाळंतपणाला कसब्यात माहेरी आली, ते शके १७२९. नातू माघात झाला. बाळबाळंतिणीच्या रोजच्या न्हाण्याला पाणी पुरेना, म्हणून यज्ञेश्वरपंत खळदकरांनी फाल्गुनात परसात आड खणायला घेतला. पाणी काही लागलं नाही. पुरुषभर खोलीवर मातीचा एक रांजण लागला आणि रांजणात दोन कवट्या निघाल्या, एक मोठी आणि एक लहान मुलाची.

दुसऱ्या कोणी हात जोडून माती लोटली असती. पंतांना आनंद झाला.

त्याला कारण होतं. चैत्री पौर्णिमेला पेठेतल्या देवीची पालखी निघे, तेव्हा पहिला विडा पेठेतल्या सर्वांत जुन्या घराला मिळे. तो मान पंतांच्या आजोबांपासून खळदकरांकडे होता. यंदा समोरच्या दिगंबरपंत पिंपुटकरांनी हरकत घेतली होती, की जुने आम्ही. पंचांनी दोघांकडे पुरावा मागितला होता. आणि पुरावा आता परसात दात विचकून बसला होता.

"आमचे पूर्वज," पंतांनी गल्लीला सांगितलं. "तुमच्या आजोबांनी पुण्याची वाट विचारली त्याच्या आधीपासून आम्ही इथे आहोत. जमिनीखालीसुद्धा."

दिगंबरपंत उपरणं नाकाला लावून आडात डोकावले. "पंत, आपल्यात जाळतात. आपण पुरायला कधीपासून लागलात?"

"संन्याशाला पुरतात."

"आणि हे धाकटे स्वामी?"

"दुधाचे दात आहेत त्याला. एवढंसं मूलही पुरतात."

"म्हणजे संन्यासी आणि त्यांचं पोर. घराणं फारच विरक्त दिसतं."

पंत निरुत्तर झाले, म्हणजे त्यांचा आवाज चढला. अशा वेळी विद्वान लागतो. संगमावर राहणाऱ्या इंग्रजांच्या वकिलाकडे एक गोरा डॉक्टर होता. जुन्या कवट्या मोजून कुठली माणसं कुठून आली ते तो सांगतो, अशी पेठेत बोलवा होती. पंतांनी त्याला बोलावलं. मथुराबाईंनी, म्हणजे पंतांच्या कुटुंबाने, त्याला परसदाराने आत घेतलं. विद्या कितीही मोठी असली तरी तिचा विटाळ माजघरात नको होता.

डॉक्टरने पितळी चिमटा काढला. कवट्या मोजल्या, मग पंतांना पगडी उतरवायला लावली. चारचौघांत कधी बोडके न झालेले पंत पूर्वजांसाठी बोडके झाले. दुभाष्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, रांजण फार जुना. लांबीरुंदीचा मेळ आपल्या डोक्याशी बसतो." मग हौसेने डॉक्टरने जमलेल्या सगळ्यांची डोकी मोजली. दिगंबरपंतांचा मेळ बसला, आड खणणाऱ्या भैरूचाही बसला. पण पंतांचं मन तोवर भरलं होतं, त्यांनी पुढची मापं ऐकली नाहीत. जाताना दुभाषा एवढंच म्हणाला, "मोठी कवटी बाईची आहे, असं साहेबांचं मत."

"असेना," पंत म्हणाले. "आजी म्हणू."

दिगंबरपंतांनी मात्र ते नीट ऐकलं होतं.

चैत्र शुद्ध दशमीला पंच देवळात बसले. दिगंबरपंत उठले आणि मोठ्या नम्रपणे म्हणाले, "माझी हरकत मी मागे घेतो. पूर्वज पंतांचेच." पंतांना संशय यायला हवा होता, पण ते पगडी नीट करण्यात गुंतले होते. "फक्त एक शंका, शास्त्रीबोवा. बाईला काही संन्यास नाही. म्हणजे ही गृहस्थाघरची बाई, अग्नीवाचून राहिलेली. आता कळल्यावर संस्कार कोणी करायचा?"

"वंशजाने," पंचांतले गोपाळकृष्णशास्त्री म्हणाले. "लगेच."

"सुतक?"

"अग्नी दिल्यापासून दहा दिवस."

पौर्णिमा पाच दिवसांवर होती. सुतकातला हात विड्याला लागत नाही. देवळात कोणी हसलं नाही. पुण्यात ते घरी जाऊन हसतात. शास्त्रीबोवांनी पंतांना सकाळपर्यंत मुदत दिली. आपले म्हणा किंवा नाही म्हणा.

घरी पंतांनी मथुराबाईंना विचारलं, म्हणजे आपला निर्णय ऐकवला. "नाही म्हणून सांगतो. मग पुरावा कोणाकडेच नाही, विडा दोघांत वाटून घेऊ."

"सांगा की," मथुराबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "महिनाभर गल्लीला आजी आजी सांगत होतात. आता विड्याच्या पानापायी ती परकी झाली."

"अगं, ती आपली कशावरून?"

"मला काय ठाऊक. मी काही चिमटा लावला नाही. रांजण उघडला तेव्हा पोराचं डोकं तिच्या हनुवटीशी होतं, तेवढं पाहिलं. कोणीतरी तसं ठेवलं असेल." आत श्यामला बाळाला थोपटत होती, ते ऐकू येत होतं. "दोघं एकदम गेली असतील. घरात बाळंतीण आहे. आणि रांजणातल्या त्या आईला आपण उघड्यावर टाकून पालखीला जाऊ, आणि पानही चांगलं रंगेल."

पंत त्या रात्री जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी पंचांना सांगितलं, "आमचेच." मग मिशा काढल्या, नदीवर जाऊन दोन्ही कवट्यांना अग्नी दिला आणि सुतकात बसले. लोक म्हणाले, हट्टी माणूस. दिगंबरपंत म्हणाले, डोकं मोजून घेतल्याचा परिणाम. डॉक्टर कवट्या मागायला आला, तेव्हा मथुराबाईंनी परसदारातूनच सांगितलं, "मापं नेलीत ना? तेवढ्यावर भागवा."

पालखी दारावरून गेली. पंत ओसरीवर आतल्या बाजूला बसून होते. पहिला विडा दिगंबरपंतांना मिळाला, आणि पुढच्या वर्षी वहिवाट म्हणून पुन्हा त्यांनाच. सर्वांत जुनं घर खळदकरांचं, हे मात्र तेव्हापासून कोणी नाकारलं नाही. पंत दर पितृपक्षात एक पिंड जास्त ठेवत. नाव माहीत नसल्याने 'रांजणातली आई आणि तिचं मूल' एवढंच म्हणत.

यज्ञेश्वरपंत शके १७३४च्या भाद्रपद वद्य अष्टमीला तापाने वारले. मथुराबाई त्यानंतरच्या चैत्रात गेल्या.