तातेरावची खुर्ची

“ताते-कडू, या रं जेवाया!”

आईची ती हाक कडूबाच्या कानात अजून होती. दोन्ही नावं एका श्वासात. कुंभार पिंपळगावच्या शिवारावरून ती तरंगत यायची आणि दोन भाऊ चिखलाच्या पायांनी घराकडं पळत सुटायचे. पुढं तातेराव मेला, कडूबा जेलात गेला. हाक तेवढी मागं राहिली.

सुटल्यावर कडूबा ज्या मिलमध्ये कामाला लागला होता, तिला आज सुट्टी होती. जेलातून सुटलेल्यांच्या बैठकीत समुपदेशक बेबीनंदा मॅडमनी कडूबासमोर रिकामी खुर्ची ठेवली. बाकी सगळे सतरंजीवर.

“इथं तातेराव बसलाय. बोला त्याच्याशी.”

कडूबाचा पाय हलायचा थांबेना. तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. मग माठातलं पाणी आणून खुर्चीपुढं ठेवलं.

“अय कडू, चहा बी पाज की त्याला,” सतरंजीवरून महेमूद म्हणाला. सगळे हसले. कडूबाही हसला, घाम पुसत.

त्याची कहाणी मॅडमना ठाऊक होती. बांधावर दोघे भिडले, झटापटीत काठी लागली. पण सांगताना त्याची नजर भिंतीवर सैरभैर फिरायची. त्याला गावी, आईजवळ जायचं होतं. म्हणून मॅडमनी तिलाही बोलावलं होतं.

त्याची आई सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. जेलात ती एकदाही भेटायला आली नव्हती.

कडूबा धडपडत पुढं झाला आणि सवयीनं खुर्ची सरकवली. “बस ना, आई. गुडघे दुखत असतील.”

ती बसल्यावर त्याला उमगलं, खुर्ची कोणाची ते. मॅडमनी खुर्ची बदलली नाही.

“बोल बाबा. काय सांगून राह्यला होता?” सोनूबाईनं विचारलं.

“तेच, आई. आमी भिडलो. तो बी मारू राह्यला, मी बी. झटापटीत लागली काठी.”

सोनूबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला.

“घरी ये म्हणायाच आले मी. पण आधी ऐक. कोर्टात मी म्हणले, घरात होते, काई पाह्यलं न्हाई. एक गेल्ता, दुसरा तरी राहावा म्हणून.” तिचा आवाज जरा खाली गेला. “मी बाभळीखाली होते, कडू. तो वाकून बांधाचे दगड लावून राह्यला होता. त्याची पाठ होती तुझ्याकडं.”