दवणा म्हणून लावलेलं

तापातून उठले ती जिभेची चव गमावूनच. नाकही तसंच, वास म्हणून येईना. कारखान्याच्या कॅन्टीनची मी मुख्य स्वयंपाकीण; शेकडो माणसांचं जेवण माझ्या जिभेवर चालायचं. मॅनेजर म्हणाला, "बाई, महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर भाजी चिरायला बसा." त्याच्या जन्माआधीपासून मी तिथली पातेली सांभाळते आहे. भाजी चिरते माझी बला.

खिडकीत माझा दवणा होता. एरवी त्याच्या काड्या वाळवून लोकरी कपड्यांत ठेवायच्या, कसर लागू नये म्हणून. आता रोज सकाळी मी त्याचं पान चावायला लागले. घरात त्याच्याइतकं कडू दुसरं काही नाही. जीभ जागी व्हायची तर त्यानेच होईल, हा माझा हिशेब.

सून म्हणाली, "आई, पुरे आता. आराम करा."

"आराम मेल्यावर आहेच," मी म्हटलं.

रोज पान, रोज काही नाही. महिना सरत आला तशी मी मनातून खचले. उद्या मॅनेजरला हो म्हणून टाकायचं ठरवलं. तरी पान खुडायला गेले, तर मातीतून केशरी काहीतरी डोकावत होतं. उपटलं. करंगळीएवढं गाजर.

"अहो, इकडे या."

हे आले, गाजर बघितलं आणि चष्मा पुसायला लागले. मी तापात पडले असताना ह्यांनी पाणी घालघालून दवणा कुजवला होता. मी ओरडेन म्हणून तशाच बारीक पानांची गाजराची रोपं शेजाऱ्याकडून आणून लावली होती.

"आणि मला पाला चघळू दिलात?"

"तुला कुठे काय कळत होतं," हे म्हणाले.

सुनेलाही ठाऊक होतं. तुमचं मन मोडवेना, म्हणाली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर मी बिचाऱ्या जिभेला शिव्या घालत होते.

"रोपवाटिकेत जा," मी ह्यांना म्हटलं, "आणि हुंगून आणा."

आणलं. पान चावलं. आधी काहीच नाही. मग जिभेच्या मुळाशी काहीतरी डसलं, आणि तोंड असं कडूजहर झालं की डोळ्यांत पाणी आलं. रडतही होते, खोटं कशाला सांगू. सून साखरेचा डबा घेऊन धावली. तो बाजूला सारून मी आणखी एक पान तोंडात टाकलं आणि मॅनेजरला फोन लावला.

"उद्या मीठ मी बघणार."

"चव आली का, बाई?"

"कडू आली आहे. बाकीच्या येतील मागोमाग, जातात कुठे."