बेकारभत्त्यावरचा एक हिवाळा

आमच्या सगळ्या संसारात, हातपाय चालत होते तोवर, बार्टली एकच हिवाळा घरी होता. बाकीचे इंग्लंडने खाल्ले.

तो प्लास्टरचं काम करायचा, स्वतःच्या नावावर. व्हॅन स्वतःची, थाप्या स्वतःच्या, डोक्यावर मालक नाही. गॉलवे शहरात कुणी शाळा बांधली, हॉटेल बांधलं, की भिंतींचा ठेका तो घ्यायचा. पण आमच्याकडच्या ओल्या थंडीत गिलावा सुकत नाही, त्यामुळे एकदा का ठेका संपला की वसंतापर्यंत दुसरा लागायचा नाही. मग आमच्या कॉनेमारातले, आयर्लंडच्या या पश्चिम टोकातले, निम्मे पुरुष बोटीत बसून लंडनला जायचे आणि त्यांच्या बायका शेगडीत पीट, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची ढेकळं, घालत पत्राची वाट बघायच्या. मला त्या वाट बघण्याचा मनापासून तिटकारा होता. आताच्या मुली नवरा चार दिवस घरी राहिला की कंटाळतात. त्यांचं मला हसू येतं.

त्या वर्षी हॉटेलचा ठेका संपला आणि मीच हट्ट धरला.

"सरकार बेकारभत्ता देतं ना? मग माग की!"

"डीलिया, अगं तो नोकरी गेलेल्यांना. मला कुणी काढलंय? मीच मालक, मीच नोकर."

"मग सांग त्यांना, मालक हलकट निघाला म्हणून."

हसला. तो हसला की माझं अर्धं काम झालेलं असायचं. चौकशी केली तर स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही भत्ता मिळत होता. फक्त हातात खरंच काम नाही आणि कुणी बोलावलं तर त्या क्षणी जायची तयारी आहे, एवढं पटवावं लागायचं. शिवाय दर मंगळवारी पोलीस चौकीत जाऊन सार्जंटसमोर सही करायची.

पहिल्या मंगळवारी बार्टली लग्नातला सूट घालून निघाला. लाज वाटत होती त्याला, म्हणून सूट. चौकीबाहेर रांगेत कोळी होते, गवंडी होते, एक बँडवालाही होता. सगळे भिंतीला टेकून सिगारेटी ओढत होते.

"अरे बार्टली, कोण मेलं?" एकजण ओरडला.

"मेलं नाही रे, भत्त्याशी लग्न लावतोय तो!" दुसरा म्हणाला.

आत सार्जंट टायर्नन दर वेळी तेच विचारायचा. "काम मिळालं का?" आणि बार्टली दर वेळी तेच सांगायचा, "मिळालं असतं तर तुझं थोबाड बघायला आलो असतो?" मी समोरच्या दुकानात उगाच लोकरीचे भाव विचारत उभी असायचे. मग आम्ही दोघं चालत घरी यायचो. भर दुपारी, नवऱ्याबरोबर, रस्त्याच्या मधोमध. ते मंगळवार मला अजून आठवतात. तेव्हा मी फार सुखात होते आणि तसं मला तेव्हाच कळत होतं.

नोव्हेंबरात शेजारचा फेस्टी वारला. म्हातारा, एकटा, जीभ करवतीसारखी. आमच्याकडे माणूस गेला की कबर शेजारपाजारचे लोकच खणतात. भाड्याने माणूस लावत नाहीत, घरच्यांना खणू देत नाहीत. आणि एकदा माती फोडली की ती माणसं कबर पुरी होऊन वर माती पडेपर्यंत जागा सोडत नाहीत. जेवायला गेली तरी आळीपाळीने. बार्टली पहिलं फावडं मारायला गेला, कारण फेस्टीचं दार आमच्या दाराला सगळ्यांत जवळ होतं.

मी खणणाऱ्यांसाठी सँडविच करत होते तेवढ्यात दारात राखाडी कोटातला एक माणूस उभा राहिला. भत्त्याच्या कचेरीतला इन्स्पेक्टर, नाव प्रेंडरगास्ट. बार्टली कुठे आहे, असं त्याने विचारलं.

"कबरस्तानात. खणतोय," मी म्हणाले. वर अभिमानाने म्हणाले! माझ्या या तोंडाने मला आयुष्यभर छळलंय.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि निघाला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, खणणं त्याला पगारी काम वाटलं होतं. सँडविचची टोपली उचलून मी त्याच्या मागे जवळजवळ पळतच गेले.

बार्टली कमरेइतका खाली उतरला होता. प्रेंडरगास्ट कडेला उभा राहून विचारत होता, "या कामाचे काय मिळतात तुम्हाला?"

खणणारे खो खो हसले. "एक घोट व्हिस्की आणि डीलियाच्या हातचं सँडविच," खणणाऱ्यांतला आमचा शेजारी कोली म्हणाला. "खाऊन बघा साहेब. मग कळेल, आम्ही तोट्यात आहोत."

प्रेंडरगास्टही हसला. वाईट माणूस नव्हता तो. वही मिटता मिटता त्याने सहज शेवटचं विचारलं, "समजा आत्ता कुणी ठेकेदार आला आणि म्हणाला, चल, काम आहे. तर निघाल ना?"

"आत्ता?" बार्टलीने कपाळ पुसलं. "आत्ता नाही. फेस्टीला मातीत ठेवल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही."

"नीट विचार करून सांगा."

"यात विचार कसला करायचा?"

पुढच्या आठवड्यात कचेरीने कळवलं, भत्ता बंद. कारण काय, तर अर्जदार कामासाठी तयार नाही. मी फेस्टीला कबरीतसुद्धा शिव्या घातल्या. बार्टलीने माळ्यावरची लंडनची बॅग खाली काढून पुसून दाराजवळ ठेवली.

अपील करायला मी भाग पाडलं. गॉलवेतल्या एका सभागृहाच्या वरच्या खोलीत सुनावणी होती. दक्षिणेतल्या कॉर्क शहराकडचा एक पोक्त अधिकारी, समोर आम्ही दोघं. जाताना व्हॅनमध्ये मी बार्टलीची विनवणी केली, "एवढंच म्हण, की गेलो असतो. दोन शब्द रे! फेस्टी काही उठून भांडायला येत नाही."

"येईल," बार्टली म्हणाला. "तू ओळखत नाहीस त्याला."

खोलीत अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला आणि बार्टलीने तेच उत्तर दिलं. अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. त्यालाही हे नको होतं, हे माझ्या लक्षात आलं. तो माझ्याकडे वळला.

"बाई, तुम्ही यांना ओळखता. माणूस बोलतो एक, करतो एक. खरंच ठेकेदार आला असता तर गेले असते का?"

मला दाराजवळची ती बॅग दिसत होती. रिकामी खुर्ची, एकटीचा चहा, मार्चपर्यंत.

"गेला असता," मी म्हणाले. "फावडं टाकून पळत गेला असता. चारचौघांत मोठेपणा करायची सवय आहे त्याला. मित्र बघत होते ना, म्हणून बोलला तसं."

बार्टलीचे कान लाल झाले. परक्यांसमोर बायकोला खोटं पाडणाऱ्यांतला तो नव्हता. मला ते ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर मी बोलले. भत्ता पुन्हा सुरू झाला.

घरी आल्यावर व्हॅन दारात थांबवून तो म्हणाला, "मी फेस्टीला अर्ध्यावर टाकून गेलो असतो, असं सांगितलंस तू."

"सांगितलं. तुला घरी ठेवायला मी पोपलाही तेच सांगेन."

कितीतरी दिवस तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही. मग नाताळ आला, कोलीकडे पत्त्यांचे डाव बसायला लागले, आणि एका संध्याकाळी मी लबाडी करताना पकडली गेले तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच हसला. तिथून पुढे हिवाळा आमचा होता. त्याने स्वयंपाकघराची भिंत गुळगुळीत केली, मला व्हॅन चालवायला शिकवली, पहाटे माझ्याआधी उठून शेगडी पेटवली. पुढच्या वर्षी नियम आणखी कडक झाले आणि तो बोटीत बसला. त्यानंतर दर वर्षी बसला, अगदी गुडघे जाईपर्यंत.

गेल्या महिन्यात बार्टली गेला. शेजारच्या पोरांनी कबर खणली. मी काठी टेकत व्हिस्की घेऊन गेले, तेव्हा मायकल, फरश्या बसवण्याचे ठेके घेतो तो, छातीइतका खाली होता. गॉलवेतल्या एका नव्या हॉटेलचं काम बंद पडल्यापासून तोही भत्त्यावरच आहे. त्याचा फोन वाजला. डब्लिनचा कुणी ठेकेदार, कामाला आजच निघून यायचं होतं, आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता.

"आज नाही जमणार," मायकल म्हणाला. "शेजारी आहे आमचा." फोन त्याने कोटावर टाकला आणि परत खणायला लागला.

सुनावणीच्या त्या खोलीत मी बार्टलीचं काय हिरावून घेतलं होतं, ते मला त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून कळलं. मी पोरांसमोर ढसाढसा रडले. तरी तो हिवाळा कुणी परत मागितला तर मी देणार नाही.

"मायकल," मी म्हणाले, "कचेरीतून कुणी विचारायला आलं तर काय सांगशील रे?"

"जे झालं तेच सांगेन, काकू."

"तुझ्या बायकोला आधी विचार," मी म्हणाले, आणि त्याच्यासाठी व्हिस्की ओतली.