नळीतलं पांढरं पाणी

सकाळी साडेसातला जयाताईंनी माझा दांडा फिरवून थांबवला. नळीत पिवळसर पाण्याऐवजी दुधासारखं पांढरं पाणी आलं होतं.

मित्रांनो, मी रक्त घुसळण्याचं जुनं हातयंत्र आहे. कर्जतच्या एका तपासणीघरात, रक्त तपासणाऱ्या जयाताईंच्या मेजाच्या कडेला मला आवळलं आहे. नळ्या गरगरल्या की गोठलेलं रक्त तळाशी बसतं, तपासायचं पाणी वर येतं. पूर्वी लोक कौतुकाने पाहत थांबायचे. आता, एकोणऐंशी साली, खोपोलीत विजेवरचं यंत्र आलं आहे.

ते रक्त कडावच्या गोमा दूधवाल्याचं होतं. पोट सुटलेलं, चढावर छातीत कळ. थोरला भाऊ अशाच कळेने गेलेला. डॉक्टरांनी उपाशीपोटी यायला सांगितलं होतं.

"दादा, खाऊन आलात ना?" जयाताईंनी विचारलं.

"नाय ओ बाई. घासबी नाय."

"तांब्याभर दूध तेवढं," बायको धोंडूबाई म्हणाली. "सोता चाखल्याबिगर गिऱ्हाइकाला घालत नायत."

"दूध काय खाणं हाय गं?"

"गोमा, रगत काढलंस का धार?" बाकावरून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. जयाताईही हसल्या. "उद्या काही न पिता या," म्हणाल्या. गोमाने बाही खाली ओढली आणि मान खाली घालून तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी धोंडूबाई एकटीच आली. तिने हात पुढे केला.

"त्यांना लाज वाटते. माझंच घ्या. एकाच हंडीतलं जेवतो आमी."

या वेळी कोणी हसलं नाही. जयाताईंचा चेहरा उतरला. "तसं चालत नाही, मावशी. मीच येते घरी."

दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हशींच्या धारेच्या आधी त्या कडावला पोचल्या.

"आज थेंब नाय प्यालो, बाई," गोमा म्हणाला.

त्याचं रक्त घेऊन परत आल्यावर जयाताईंनी माझा दांडा फिरवला. पाणी पांढरंच आलं. साखरही वाढलेली निघाली. दोष दुधाच्या तांब्याचा नव्हता; तो पांढरेपणा रक्तातल्या चरबीचा होता. सुटलेलं पोट, साखर आणि रक्तातली ही चरबी एकत्र आली की हृदयाला धोका असतो, असं डॉक्टर म्हणाले. गोमाला पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

मित्रांनो, माझ्या नळीत काहीही दिसो, हसू नका. ज्याचं रक्त असतं, तो समोरच बसलेला असतो.

आज आमच्या चहाचं दूध धोंडूबाईच घेऊन आली. "गेले का पनवेलला?" जयाताईंनी विचारलं.

"उद्या जातो म्हणतात," ती म्हणाली. "तिथं बाकावर कोण असतं, तेवढं त्यांनी इचारलंय."